परिचारिकेच्या शिक्षणात हिंसेचा धडा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, इंदूर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून मंगल तेच बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. विश्वस्तांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘परिचारिकांचे शिक्षण’ एवढेच कळविले. त्यापुढचा एक शब्द आम्ही मुद्दाम गाळला, कारण तो कळविला असता तर आमंत्रणपत्रिकेवर छापताना आपणांस अवघड वाटले असते. तो शब्द ‘हिंसा’ हा होय. बाईला, मुलाला, म्हाताऱ्या माणसाला घरात होणारी मारहाण, आणि रुग्णसेवा करणाऱ्या माणसावर उगारला जाणारा हात, यांविषयी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय शिकवावे आणि कसे शिकवावे, याबद्दल आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. हे याच ठिकाणी बोलण्याचे कारण असे की, आपला न्यास दरवर्षी ज्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देतो, त्यांतली कितीतरी नर्सिंगला जातात. त्यांची फी आपण भरतो. ती तेथे काय शिकतात आणि काय शिकत नाहीत, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आमच्या स्वतःच्या चुकीपासून प्रारंभ करतो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरच्या एका रुग्णालयात आम्ही अपघात विभागात काम करीत होतो. एक बाई मनगट मोडून आल्या. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, त्यांतल्या दोन-तीन फुटलेल्या. बोलणे मराठी, घर रामबागेच्या बाजूचे. बरोबर इस्त्रीचा सदरा घातलेले यजमान. आम्ही बाईंना विचारावे आणि उत्तर यजमानांनी द्यावे, असे चालले होते. “न्हाणीघरात पाय घसरला,” ते म्हणाले. आम्ही नोंदवहीत लिहिले, ‘न्हाणीघरात घसरून पडल्या.’ चार महिन्यांनी त्याच बाई भुवई फुटून आल्या. यावेळी दाराची कडी लागली होती. आम्ही तसेच लिहिले, टाके घालायला मदत केली आणि जाताना आपुलकीने म्हणालो, “वहिनी, जरा जपून चालत जा.” तिसऱ्या वेळी त्यांना रात्री आणले तेव्हा वॉर्डभर रॉकेलचा वास पसरला होता. स्टोव्हचा भडका उडाला, असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

पुढे पोलीस आले आणि त्यांनी जुन्या नोंदी मागविल्या. दोन नोंदी निघाल्या. दोन्ही आमच्या अक्षरात होत्या, आणि दोन्ही त्या गृहस्थांच्या बाजूने बोलत होत्या. कुणी खोटी साक्ष देण्याची गरजच उरली नव्हती. आमच्या स्वच्छ, वळणदार अक्षराने ते काम अगोदरच केले होते.

आम्ही दुष्ट नव्हतो आणि कामचुकारही नव्हतो. ड्रेसिंग कसे करावे, तापाचा आलेख कसा भरावा, इंजेक्शन कुठे द्यावे, हे सर्व आम्हांस उत्तम शिकविण्यात आले होते. परंतु जखम पाहून ‘ही कशी झाली?’ असे एकांतात विचारावे, सांगितलेले कारण आणि दिसणारी जखम यांचा मेळ बसतो की नाही ते पाहावे, आणि जे दिसते ते जसेच्या तसे लिहावे, हे आम्हांस कुणीही शिकविले नव्हते. त्यातून घरचे शिक्षण असे की, दुसऱ्याच्या संसारात डोकावू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ कुणाच्या पाठीत बसते आहे, याचा विचार त्या म्हणीत नाही.

आता कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. म्हणून अलीकडचे आकडे सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. तीत 18 ते 49 वयाच्या विवाहित अथवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. ज्यांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली, त्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या स्त्रिया शेकडा 14 च्या आसपास भरल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानेही जगात दर तीन स्त्रियांमागे सुमारे एक स्त्री आयुष्यात केव्हा ना केव्हा अशा हिंसेला सामोरी जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि या बायकांची जात, भाषा, गल्ली एक नाही. ‘हे वस्तीतल्या लोकांत होते, आपल्यात होत नाही,’ असे या सभागृहातील कुणाच्या मनात येत असेल, तर त्यांनी आमच्या नोंदवहीतील बाईंचे घर कुठल्या बाजूचे होते ते आठवावे.

पोलीस ठाण्याची पायरी चढणारी बाई विरळा. परंतु दवाखान्याची पायरी प्रत्येक बाईला केव्हातरी चढावीच लागते. बाळंतपणासाठी, मुलाच्या लसीसाठी, सासूच्या औषधासाठी. तिथे तिच्याशी सर्वांत जास्त वेळ बोलणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. म्हणून हा धडा तिला सर्वांच्या आधी मिळाला पाहिजे.

हा धडा न शिकविल्याने काय होते आणि परिचारिकांच्या अंगी काय सामर्थ्य असते, या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत पाहावयाच्या असतील, तर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाकडे पाहावे. अरुणा शानबाग या तेथे परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला आणि साखळीने गळा आवळला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. खटला झाला तो चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात आलाच नाही. आरोपीस सात वर्षांची शिक्षा झाली. मूठ तिथेही झाकलीच गेली. परंतु त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी, एका पिढीमागून दुसऱ्या पिढीने, आपल्या या भगिनीची सेवा 42 वर्षे केली. त्यांना तिथून हलविण्याचा विचार झाला तेव्हा परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने दयामरणासंबंधीच्या निकालात त्यांच्या सेवेचा गौरव केला. 18 मे 2015 रोजी अरुणाताई गेल्या. ज्यांनी त्यांना कधी बोलताना ऐकले नव्हते, अशा तरुण परिचारिकाही त्या दिवशी रडल्या. सेवा कशी करावी हे आमच्या व्यवसायाला शिकवावे लागत नाही. झाल्या गोष्टीला तिच्या नावाने कसे हाक मारावी, हे मात्र शिकवावे लागते.

सुदैवाने आता अभ्यासक्रमात थोडी जागा झाली आहे. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम बदलून आठ सत्रांचा केला. त्यात पाचव्या सत्रात न्यायवैद्यकीय परिचर्या आणि भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा छोटा विषय आहे. त्याला वीस तास मिळतात. चार वर्षांच्या मानाने वीस तास थोडेच. तरीही दार उघडले आहे. प्रश्न हा की, त्या वीस तासांत कलमे पाठ करून घ्यावयाची की माणूस घडवावयाचा?

आमच्या मते शिकविण्यासारख्या गोष्टी चार आहेत.

पहिली गोष्ट, पाहणे. पदराखाली झाकले जाणारे वळ, काही ताजे तर काही पिवळे पडलेले डाग, जखम आणि तिचे कारण यांचा न जुळणारा मेळ, उपचाराला झालेला उशीर, पुन्हापुन्हा येणे, सोबत्याने क्षणभरही बाजूला न होणे. या खुणा विद्यार्थिनीच्या नजरेस सवयीच्या झाल्या पाहिजेत. गरोदर बाईच्या बाबतीत तर अधिकच.

दुसरी गोष्ट, विचारणे. नवऱ्याला “जरा औषधाच्या दुकानातून हे घेऊन या” म्हणून पाठवावे, पडदा ओढावा, आणि मग बोलावे. “तुम्हाला नवरा मारतो का?” असे तोंडावर विचारल्यास बाई “नाही” म्हणणारच. “ताई, अशा जखमा आम्ही पुष्कळ बायकांच्या अंगावर पाहतो. कधीकधी त्या घरातल्याच माणसाच्या हातून झालेल्या असतात. तुमच्या बाबतीत तसे काही आहे का?” असे विचारले, तर ती निदान विचार तरी करते. आपल्या शहरात हा प्रश्न हिंदीत, माळवीत, निमाडीतही विचारता आला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: ऐकणे, तिच्या गरजा विचारणे, तिच्या बोलण्यावर विश्वास दाखविणे, तिची सुरक्षितता वाढविणे आणि पुढच्या मदतीशी तिची गाठ घालून देणे. 2019 साली संघटनेने आरोग्यसेवकांसाठी संपूर्ण पाठ्यक्रमही तयार केला. या पायऱ्यांत उपदेशाला कुठेही जागा नाही. “थोडे सांभाळून घ्या” हेही म्हणू नये, आणि “आजच घर सोडा” हेही म्हणू नये. घर केव्हा सोडावयाचे हे तिलाच ठरवू द्यावे. घाईने सोडलेले घरही कधी जिवावर बेतते.

तिसरी गोष्ट, लिहिणे. तिचे शब्द तिच्याच शब्दांत लिहावेत. जखम कुठे, केवढी, कशी, हे शरीराच्या आकृतीवर दाखवावे. अत्याचाराच्या प्रकरणी कपडे वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून पुरावा नासतो. गर्भ राहू नये म्हणून आणि एच.आय.व्ही. होऊ नये म्हणून द्यावयाची औषधे लवकर सुरू व्हावी लागतात. दुसरे औषध तर 72 तासांच्या आतच.

चौथी गोष्ट, कायदा, पण कामापुरता. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या कायद्याप्रमाणे ते कळविणे बंधनकारक आहे. अत्याचार झालेल्या व्यक्तीवर सरकारी वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब विनामूल्य उपचार केले पाहिजेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 397 सांगते. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असे म्हणता येत नाही. ‘दोन बोटांची चाचणी’ म्हणून जो अपमानकारक प्रकार चाले, तो करणारास गैरवर्तनाचा दोषी धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी बजावले आणि वैद्यकीय अभ्यासक्रमही तपासावयास सांगितले. चूक वर्गात शिकविली जाते, म्हणून ती वर्गातच पुसली पाहिजे, हे न्यायालयानेही ओळखले.

हे सर्व होऊ शकते याचे दाखले आपल्यासमोर आहेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी 2000 साली ‘दिलासा’ केंद्र काढले. रुग्णालयातच अशा स्त्रियांसाठी काढलेले ते देशातले पहिले केंद्र. आपल्या भोपाळला जयप्रकाश रुग्णालयाच्या आवारात 2014 साली ‘गौरवी’ सुरू झाले, आणि 2015 पासून केंद्र सरकारच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रे निघाली. 181 हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु बाईला तिथवर पोहोचविणारी परिचारिका नसेल, तर केंद्र ओस राहते.

आता शिकविण्याच्या पद्धतीविषयी. आपण मराठी माणसे नाटकवेडी. म्हणून आम्ही वर्गात एक विद्यार्थिनी रुग्ण, दुसरी परिचारिका, अशी लहानशी नाट्ये करून घेत असू. एके दिवशी निमाडातून आलेली एक मुलगी रुग्ण झाली होती. मैत्रिणीने ठरल्याप्रमाणे विचारले, “घरी कुणी मारतं का?” तिने “नाही” म्हणावयाचे होते. ती म्हणाली, “हो. वडील.” आणि गप्प झाली. सारा वर्ग स्तब्ध. आम्हांस क्षणभर वाटले, मुलगी संवाद विसरली. इतक्यात घंटा झाली आणि आम्ही म्हणालो, “छान. उरलेले उद्या.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सकाळी वसतिगृहात जाऊन तिला म्हणालो, “काल आमचे चुकले.” ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही घंटेकडे पाहिलंत.” नोंदवहीतील बाईंनंतर आम्हांस मिळालेला हा दुसरा धडा. तिच्या संमतीनेच आम्ही तो सांगत आहोत.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळले. विषय आदल्या दिवशी सांगावयाचा. कुणाला उठून जावेसे वाटले, तर कारण विचारावयाचे नाही. रुग्णाची भूमिका कुणावर लादावयाची नाही. वर्गात दोन शिक्षिका असाव्यात, आणि तासानंतर एक तास मोकळा ठेवावा. ज्यांना आपण जखमा ओळखावयास शिकवितो, त्यांपैकी काहींनी त्या स्वतःच्या अंगावर पाहिलेल्या असतात. आपल्यावरचे सोसून गप्प बसावयास जी शिकली, ती दुसरीचे ऐकताना नजर चुकविणारच. म्हणून हे शिक्षण विद्यार्थिनीचे दुःख ऐकण्यापासून सुरू होते.

आणखी एक बाजू राहिली. उद्या हात परिचारिकेवरही उगारला जातो. 1 एप्रिल 2020 रोजी आपल्याच इंदुरात, टाटपट्टी बाखल भागात, कोरोनाच्या तपासणीस गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. भय आणि अफवा यांनी माणसे पिसाळली होती. दोन महिला डॉक्टरांना दुखापत झाली. दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. पुढे त्या भागातील लोकांच्या वतीने वर्तमानपत्रात जाहीर क्षमायाचनाही प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात देशात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षेचा अध्यादेश निघाला. मध्य प्रदेशात त्यासाठी 2008 चा कायदा होताच. तरीही 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर रात्रपाळीत अत्याचार होऊन तिचा खून झाला. तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून भागत नाही. संतापलेल्या नातेवाइकाशी आवाज न चढविता कसे बोलावे, बाहेर पडण्याची वाट पाठीशी कशी ठेवावी, मदत केव्हा मागावी, आणि झालेला प्रकार लेखी कसा द्यावा, हे विद्यार्थ्यांना रक्तदाब मोजण्याइतक्याच काळजीने शिकविले पाहिजे. ‘या धंद्यात असे चालायचेच’ हे वाक्य कोणत्याही वरिष्ठ सिस्टरच्या तोंडी येता कामा नये.

या क्षेत्रात मराठी बायका आल्या त्यालाही आता शतक लोटले. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढले आणि विधवांना परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास लावले, तेव्हा लोक काय म्हणतील याची पर्वा त्यांनी केली नाही. अहिल्याबाईंच्या इंदुरातील आपल्या न्यासानेही ती करू नये.

म्हणून न्यासाकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. शिष्यवृत्ती देताना त्या महाविद्यालयास एक पत्र लिहावे आणि हा विषय तेथे कोण व कसा शिकवितो हे विचारावे. आपल्या विद्यार्थिनींना मनातले बोलता यावे म्हणून एका जाणत्या समुपदेशक बाईंची, महिन्यातून दोन दिवस का होईना, सोय करावी. आणि तिसरी विनंती सभासद कुटुंबांना: आपल्या ओळखीची एखादी वहिनी, काकू, भाची वारंवार ‘पडत’ असेल, तर तिला जपून चालावयास सांगू नका. तिला बाजूला घेऊन विचारा, आणि उत्तर येईपर्यंत घड्याळाकडे पाहू नका.

त्या बाईंचे नाव आम्ही येथे घेत नाही. त्यांच्या माहेरची माणसे अजून या शहरात आहेत. परंतु अभ्यासक्रमातले ते वीस तास शिकवावयास उभे राहताना आम्ही प्रत्येक वेळी फळ्यावर पहिले वाक्य लिहीत असू: ‘न्हाणीघरात घसरून पडल्या.’ आणि मुलींना विचारीत असू, “यात काय लिहायचे राहिले?”

न्यासाने पन्नास वर्षे पुष्कळांच्या जखमांवर फुंकर घातली. पुढच्या पन्नास वर्षांत त्या कशा झाल्या हेही विचारण्याचे बळ त्याला लाभो, एवढी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.